माळरानावर व्हीलचेअर नेताना

श्रोतेहो, नमस्कार. ज्यांना चालता येत नाही अशा आपल्या माणसांना माळरान दाखवायला कसे न्यावे, याविषयी आज बोलायचे आहे. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे. १९९४ मध्ये घोषित झालेले, सुमारे ३० चौरस किलोमीटरचे झुडपी रान. मोराचा नाच पाहण्यासाठी लोक पावसाळ्याच्या तोंडाशी निघतात, परंतु आपल्याकडची काळी माती भिजली की चाकांना लिंपून बसते आणि ढकलणाऱ्याचे पायही उचलत नाहीत. म्हणून व्हीलचेअर सोबत असेल तर माघ-फाल्गुनातली कोरडी वाट निवडावी.

माझ्या आत्याला पक्षाघातानंतर व्हीलचेअर लागते. फाल्गुनातल्या एका सकाळी आम्ही तिला घेऊन नायगावच्या माळावर गेलो. गाडीवाटेवर सुटा मुरूम लागला आणि पुढची दोन्ही लहान चाके त्यात रुतली. आम्ही मागून जितका जोर लावू तितकी ती खोल जात होती आणि आत्या खुर्चीच्या हातांना घट्ट धरून पुढे झुकत होती. तेवढ्यात एक वनमजूर आला. आमच्याशी न बोलता तो आत्यासमोर बसला आणि म्हणाला, "मावशी, खुर्ची उलटी फिरवू का? थोरली चाकं म्होरं घेतली की निघंल." आत्याने मान हलवली. त्याने खुर्ची फिरवली, स्वतःकडे किंचित कलती करून लहान चाके उचलली आणि मागच्या मागे ओढत तिला पक्क्या जमिनीवर आणले. मुरूम, वाळू, भुसभुशीत माती, कुठेही हेच करावे: खुर्ची उलटी फिरवावी आणि मोठी चाके पुढे घ्यावीत. आणि हेही ध्यानात ठेवावे, की खुर्चीला हात लावण्याआधी तिच्यात बसलेल्या माणसालाच विचारावे.

तिथेच टिटवीने आकांत मांडला. आम्ही सारे वर पाहत राहिलो. आत्याची नजर मात्र जमिनीजवळ होती. "पोरांनो, पाऊल उचलू नका," ती म्हणाली. वाटेच्या कडेला, खड्यांच्या उथळ खळग्यात, टोके आत वळवलेली चार ठिपकेदार अंडी होती. माळ म्हणजे पडीक जमीन असे मानून तिथे सरसकट खड्डे खणून झाडे लावतात, ते मला मुळीच पटत नाही. टिटवी, चंडोल, धाविक या पक्ष्यांना उघडी जमीनच हवी असते. आम्ही पावले जपून टाकत मागे सरलो आणि टिटवी पुन्हा अंड्यांवर येऊन बसेपर्यंत दूर थांबलो.

बाभळीच्या काट्यांनी हवेचे टायर फुटतात, म्हणून भरीव टायरची खुर्ची न्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला असून सार्वजनिक जागा सुगम असाव्यात, असे तो सांगतो. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार हवा, हे प्रमाणही ठरलेले आहे. तरीही पक्षी पाहण्याची सोय म्हणून शिडीचा मनोराच बांधला जातो. त्याच्या जोडीला जमिनीवर एक साधा आडोसा उभारावा आणि त्याची खिडकी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे चार फुटांच्या आत ठेवावी, एवढी मागणी आपण सर्वांनी लेखी करावी. नमस्कार.