लक्ष कुठे आहे तुझे?

हा प्रश्न वर्गात अनेक मुलांना विचारला जातो, पण त्याचे उत्तर ऐकायला बहुधा कोणी थांबत नाही. ज्याच्या घरात कोणाचा आवाज कधी चढेल आणि हात कधी उठेल याचा नेम नसतो, त्या मुलाचे लक्ष हरवलेले नसते. ते दाराच्या कडीवर, पावलांच्या आवाजावर आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर खिळलेले असते. बाहेरून मात्र हे सारे एडीएचडीसारखे, म्हणजे अवधानदोष व अतिचंचलतेसारखे दिसते.

म्हणून एडीएचडी हे बालपणीच्या मानसिक आघाताचेच दुसरे नाव आहे, असे समजू नये. तो मोठ्या प्रमाणात आनुवंशिक विकार आहे आणि त्याच्या निदानासाठी काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वी दिसलेली असावी लागतात. खरा गुंता पुढे आहे: मुळात उतावीळ, विसराळू असलेल्या मुलाच्या वाट्याला बोलणी आणि मार अधिक येतो, आणि एका त्रासातून दुसरा वाढत जातो.

असाच गुंता बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार या मानसिक आजारातही आहे. त्यात आपल्याला टाकून दिले जाईल ही भीती, क्षणात टोक गाठणाऱ्या भावना, न टिकणारी नाती आणि स्वतःला इजा करण्याची ओढ दिसते. १९८९ मध्ये मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या एका छोट्या अभ्यासात अशा ८१ टक्के रुग्णांनी बालपणीच्या गंभीर आघाताची हकिगत सांगितली. हा आकडा मोठा आहे. तरीही उरलेल्यांकडे डोळेझाक करून प्रत्येक रुग्णाच्या आईवडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे ठरेल, कारण या विकारातही आनुवंशिकतेचा वाटा आहे, आणि स्वीडनमधील सुमारे २० लाख लोकांच्या नोंदींवरून एडीएचडी व बॉर्डरलाइन हे दोन्ही एकाच कुटुंबात एकत्र आढळण्याची शक्यता अधिक असल्याचे दिसले आहे.

मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी या दोन्ही बाजू एकत्र मांडल्या. त्यांच्या मते जन्मतः हळव्या असलेल्या मुलाला "एवढे रडण्यासारखे काय झाले?" असेच वारंवार ऐकावे लागले, तर स्वतःच्या भावना ओळखणे आणि आवरणे ते शिकतच नाही. हेच मोठेपणी शिकवता यावे म्हणून त्यांनी डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी) ही उपचारपद्धती घडवली. २०११ मध्ये लिनेहान यांनी आपण किशोरवयात मनोरुग्णालयात दाखल होतो हे जाहीरपणे सांगितले, आणि ते सांगण्यासाठी त्या त्याच रुग्णालयात परत गेल्या होत्या.