चार लियांग हुआंगची

सन 1830. चीनमधले वैद्य वांग चिंगरेन यांनी अर्धांगवायूवर एक काढा लिहून ठेवला: बुयांग हुआनवू तांग. द्रव्यं सात, पण सगळा भार एकाच मुळीवर. ती मुळी हुआंगची; चार लियांग (लियांग हे जुनं चिनी वजन), म्हणजे आजच्या मापात 120 ग्रॅम; उरलेली सहा मिळून जेमतेम साडेबावीस. त्यात दांगग्वेईच्या मुळीची शेपटं, तांबडी पिओनी, छुआनशिओंग, पीचच्या बिया, वाळवलेली गांडुळं आणि करडईच्या पाकळ्या. हो, सोलापूरकडे जिचं तेल काढतात तीच करडई.

आता हाच काढा मज्जारज्जूच्या दुखापतीवर तपासला जातो, उंदरांवर.

(दृश्य: शस्त्रक्रियेचं टेबल)

भूल देऊन पाठीच्या दहाव्या मणक्याची कमान काढतात. उघड्या पडलेल्या रज्जूवर 10 ग्रॅमची दांडी 25 मिलिमीटरवरून सोडतात. मणके चिमट्यांत घट्ट धरलेले नसले तर पाठ दबते, मार हलका बसतो आणि तो उंदीर काढ्याविनाही चालायला लागतो.

पुढचं काम कंटाळवाणं, पण सगळं त्याच्यावरच अवलंबून. उंदराला लघवी करता येत नाही. दिवसातून दोन-तीनदा पोट हलकेच दाबून मूत्राशय रिकामं करावं लागतं. टाळाटाळ केली की जंतुसंसर्ग होतो, उंदीर मलूल पडतो, चालण्याचे गुण घसरतात. हे गुण 0 ते 21. ही मोजपट्टी बॅसो, बीटी आणि ब्रेस्नाहन या संशोधकांनी 1995 साली मांडली. दोन निरीक्षक चार मिनिटं मागचे पाय न्याहाळतात. कोणाला काढा पाजला आणि कोणाला तेवढंच पाणी, हे त्यांना कळता कामा नये.

गुण वाढले म्हणून मज्जातंतू नव्याने उगवले असं होत नाही. अशा मारातून कडेचे थोडे तंतू वाचतातच. सूज लवकर उतरली आणि ते टिकले, तरी पाय हलतो. मेंदूत खुणेचं द्रव्य टोचून ते जखमेपलीकडे पोचलं का, हे पाहतात. पण तो तंतू नवा की वाचलेला, हे पक्कं करायला रज्जू पूर्ण कापलेले उंदीर लागतात. ते नसतील, तर दावा अर्धवटच राहतो.

जपानमधल्या तोयामा विद्यापीठाने काढा बाजूला ठेवून एकच रेणू उचलला: या काढ्यात नसलेल्या कुजिन मुळीतलं मॅट्रिन. ते पेशीबाहेरच्या एचएसपी-90 या प्रथिनाला चेतवतं आणि जखमी उंदरांत अक्षतंतू (मज्जापेशींचे लांब धागे) वाढतात, असं 2018 च्या त्यांच्या शोधनिबंधात आहे. इथे निदान काय कुठे जाऊन लागतं, ते तपासता तरी येतं.

माणसांत मात्र अडचण वेगळीच. ताज्या दुखापतीनंतर पायाच्या शिरेत गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असतात. त्यांच्या जोडीला दांगग्वेई गेली की रक्तस्रावाचा धोका वाढतो. वॉरफरिन हे असंच रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांत तशा नोंदी आहेत. काढा घ्यायचाच असेल, तर पहिल्या घोटाआधी आपल्या डॉक्टरांना सातही द्रव्यांची यादी दाखवा.