गावकी, सरकार आणि संकासुर

(दापोलीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, इथून मुरूड किती लांब? स्कूटरवर अर्धा तास धरा. त्या एका गावातल्या एका घराची गोष्ट सांगितली, तरी आजचा निम्मा विषय संपतो.

धोंडो केशव कर्व्यांनी 1893 साली गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई विधवा. विधवेचं लग्न कायदेशीर ठरवणारा कायदा 1856 सालचा, म्हणजे तेव्हा त्याला सदतीस वर्षं झालेली. सरकारची काही हरकत नव्हती. हरकत मुरूडची होती! गावाने कर्व्यांवर बहिष्कार टाकला आणि घरच्यांनी त्यांना घरात घेतलं तर त्यांनाही तीच शिक्षा, असं ठरवलं. आईच्या ओटीवर मुलाने चढायचं की नाही, हे गाव ठरवणार. हा हस्तक्षेप नव्हे तर काय?

त्याच घरातला मुलगा रघुनाथ. त्यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि संततिनियमनावर, स्त्रीपुरुष संबंधांवर लिहायला लागले. या वेळी खटला सरकारी कोर्टात. अश्लीलतेचा. 1934 सालच्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, दंड झाला. रघुनाथरावांनी दंड भरला आणि 1953 साली मरेपर्यंत अंक काढत राहिले.

बापाला गावाने छळलं, मुलाला सरकारने. पण नीट बघा, मुलाच्या बाबतीतही सरकार आपणहून उठून आलं नव्हतं. त्याआधीच्या, पहिल्या खटल्यामागे सनातन्यांची तक्रार होती. भावना दुखावलेल्या माणसाच्या हातात पूर्वी गावकी होती, नंतर फौजदारी कलम आलं. म्हणून ‘सरकारने समाजात पडू नये’ असं कुणी छातीठोक सांगितलं की मी थोडा थांबतो. सरकार बाजूला झालं की तिथे कोण येऊन बसतं, हे कोकणाला वेगळं सांगायला नको. रायगडात वाळीत टाकण्याची प्रकरणं इतकी झाली की महाराष्ट्राला 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा मला हवाच आहे. आवाजाचा नियमही हवा. रात्री दहानंतर भोंगा नको. (आमची काकू वर्षभर अंथरुणाला खिळून होती. जत्रेच्या रात्री तिचं काय व्हायचं, ते मी बघितलंय.)

कायद्याने माणसाला गावाच्या तावडीतून सोडवावं. पण कायदाच ‘तू काय बोलणार आहेस ते आधी दाखव’ असं म्हणायला लागला की माझं बिनसतं.

मी तळकोकणातला, दशावतारात वाढलेला. दशावतारी नाटकाला लिहिलेले संवाद नसतात. आख्यान कुठलं ते संध्याकाळी ठरतं, बाकी सगळं रंगमंचावर. आणि आपल्या राज्यात नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाला, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाला, दाखवायची पद्धत! एका वर्षी जत्रेच्या परवानगीसाठी मी कंपनीच्या मालकांबरोबर एका कचेरीत गेलो. टेबलामागच्या साहेबांनी अर्ज उलटापालटा करून विचारलं, “संहितेची प्रत?”

मालक म्हणाले, “लिवलेला काय नाय ओ साहेबानू. रातीक तोंडाक येयत तां.”

“मग मी शिक्का कशावर मारू?”

प्रश्न बरोबर होता. कागदाशिवाय शिक्का कुठे टेकवणार? मालकांनी माझ्याकडे बघितलं. बाहेर टपरीवरून कोरे कागद आणले, चहा मागवला, आणि बाकावर बसून मी दोन पानं लिहिली. पहिल्या पानावर ‘गणपतीचे आगमन’, दुसऱ्यावर युद्ध. राजाच्या तोंडी शाळेच्या निबंधातली चार वाक्यं घातली. शिक्का बसला.

रात्री साहेब स्वतः आले, पुढच्याच खुर्चीवर बसले. माझ्या पानांतलं एक वाक्य रंगमंचावर आलं नाही. कुणीतरी विंगेत संकासुराच्या, म्हणजे दशावतारातल्या विनोदी राक्षसाच्या, कानात दुपारची हकिकत घातली असावी. काळा झगा सावरत तो पुढे आला, पखवाज थांबवला आणि थेट साहेबांकडे वाकून म्हणाला, “साहेबानू, आता पान कितवा?”

मांडव हसून कोसळला. साहेबांनी दोन बोटं वर केली.