वाकळ अंगावर बाळगणारी पाखरं

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या जानेवारीत एका पहाटे मी मायणीच्या तलावावर होतो. पाण्यावरून वाफ उठत होती आणि दुर्बीण धरून बोटं बधिर झाली होती. शेजारी बांधावर एक धनगर आजोबा घोंगड्याची खोळ डोक्यावरून घेऊन बसले होते. समोर थापट्या बदकांचा थवा गोल गोल फिरत, चोची पाण्यात बुडवून चरत होता. आजोबा म्हणाले, "गुरुजी, ह्या पाखरास्नी तिकडची थंडी सोसंना म्हणून येत्यात व्हय हिकडं?"

मी "हो" म्हणणार होतो. शाळेत आपण मुलांना तसंच सांगतो. पण खरं उत्तर वेगळं आहे आणि तेच आज तुम्हाला सांगायचं आहे. थंडी सोसायची पाखरांची तयारी आपल्याहून कितीतरी मोठी असते. त्यांना दक्षिणेला पिटाळते ती भूक. उत्तरेतली तळी गोठली की बदकांचं खाणं बर्फाच्या झाकणाखाली जातं, म्हणून त्यांना निघावं लागतं. ज्यांना तिथंच चार दाणे मिळत राहतात, ती पाखरं उणे ४० अंशांतही घर सोडत नाहीत. आपल्याकडे वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले, तर पेपरात फोटो येतो. तिथं महिनोन् महिने सगळंच गोठलेलं.

मग ती जगतात कशी? पहिलं उत्तर आपल्या माळ्यावर घडी घालून ठेवलेलं आहे. वाकळ स्वतः गरम नसते. जुन्या लुगड्यांच्या थराथरांत हवा अडकते आणि ती हवा आपली ऊब बाहेर जाऊ देत नाही. पाखराची वाकळ पिसांची. आत मऊ पिसांचा थर आणि वर एकावर एक बसलेली घट्ट पिसं, कौलांसारखी. थंडी वाढली की पाखरू पिसं फुलवतं आणि जास्त हवा कोंडून घेतं. ही वाकळ ओली होऊन चालत नाही, म्हणून शेपटीच्या बुडाशी तेलाची ग्रंथी असते. पाखरू तिथलं तेल चोचीनं घेऊन पिसांना चोळत बसतं. आपल्याला वाटतं नटतंय. ते जीव सांभाळत असतं.

पण वाकळ कितीही जाड असली तरी आत ऊब पाहिजे. इथं लहान पाखराची खरी परीक्षा असते. कपातला चहा लगेच निवतो, पातेल्यातला तासभर गरम राहतो. अंग जितकं लहान, तितकी ऊब भराभर निघून जाते. उत्तर अमेरिकेच्या जंगलात किंगलेट नावाचं पाखरू आहे, वजन पाच-सहा ग्रॅम. तासगावच्या द्राक्षाचे दोन-तीन मणी तळहातावर घ्या, झालं एक किंगलेट. बर्न्ड हाइनरिक या शास्त्रज्ञांनी मेन राज्यातल्या हिवाळी जंगलात त्यांचा माग काढला. रात्री ही पाखरं फांदीवर एकमेकांना बिलगून, चोची पिसांत खुपसून एकच गोळा होऊन झोपतात, असं त्यांना दिसलं. लहानपणी एका वाकळेत झोपलेल्या भावंडांना ही युक्ती वेगळी सांगायला नको.

चिकॅडी हे दुसरं पाखरू, आपल्या डोंगरातल्या राखी वल्गुलीच्या कुळातलं. वजन बारा ग्रॅमच्या आसपास. अलास्कात डिसेंबरातली रात्र १८-२० तासांची असते. दिवसाच्या तुटपुंज्या उजेडात चिकॅडी खात सुटते आणि साधारण एक ग्रॅम चरबी अंगावर चढवते. रात्री छातीचे स्नायू सतत कुडकुडत ठेवून तीच चरबी जाळते. सकाळी शिल्लक जवळजवळ शून्य. ही शिदोरी पुरावी म्हणून ती चूलच मंद करते: दिवसा ४२ अंशांच्या आसपास असलेलं अंगाचं तापमान रात्री दहाएक अंशांनी खाली आणते आणि पहाटे पुन्हा वर चढवते. आपल्या अंगाचं तापमान इतकं उतरलं तर आपण शुद्धीवर राहणार नाही. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

एक ग्रॅम चरबी रोज आणायची कुठून? इथं मला हरिपूरची हळदीची पेवं आठवतात. आपण जमिनीत मोठं पेव खणून पोती एका जागी भरली. चिकॅडी उलट करते. एकेक बी वेगळ्या जागी, सालीच्या फटीत, शेवाळाखाली. अशी हजारो छोटी पेवं. एखादं कुणी लुटलं तरी बाकीची राहतात, आणि कुठं काय ठेवलंय हे तिला आठवतं.

टार्मिगन हा तितराच्या कुळातला पक्षी तर बर्फालाच वाकळ करतो. त्याच्या पायांच्या बोटांवरही पिसं असतात. रात्री तो भुसभुशीत बर्फात शिरून झोपतो. बाहेर उणे ३० असलं तरी त्या बिळात पारा शून्याच्या थोडाच खाली असतो.

आता उघड्या पायांचं काय? बर्फावर उभ्या राहणाऱ्या बदकाचे पाय गोठत का नाहीत? ज्यांच्या घरी अजून तांब्याचा बंब आहे, त्यांना हे चटकन कळेल. बंबाच्या मधल्या नळीतून धग वर जाते आणि जाता जाता भोवतीच्या पाण्याला ऊब देते. बदकाच्या पायात खाली जाणारं गरम रक्त आणि वर येणारं गार रक्त अशाच चिकटलेल्या नळ्यांतून वाहतं. गरम रक्त आपली ऊब वाटेतच गार रक्ताला देऊन टाकतं. पाऊल गोठणार नाही एवढ्यापुरतीच ऊब खाली पोचते, आणि अंगातली उष्णता अंगातच राहते. शिवाय एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतला की खर्च निम्मा.

हे सगळं मी आजोबांना जमेल तसं सांगितलं. ते घोंगडं सारखं करत म्हणाले, "म्हंजे पोटासाठीच की. आमच्यागत." मेंढरं घेऊन कोकणात उतरणाऱ्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नव्हती.

एक कळकळीचं सांगणं आहे. ही बदकं इथं पोट भरायला आलेली असतात. फोटोसाठी थवा उठवला, मुलांनी गंमत म्हणून दगड भिरकावला, की कमावलेली चरबी प्रत्येक उड्डाणात जळते. मार्चमध्ये हजारो किलोमीटर परत जायचं असतं आणि तेही त्याच चरबीवर. पाण्यापासून लांब, झाडाआड बसून बघा. ती तुमच्यासमोर तासभर चरतील.

मायणीला जाणं जमलं नाही तरी सांगलीत कृष्णेच्या घाटावर उद्या पहाटे जा. पायरीवर करडा-पांढरा गोळा दिसेल, लिंबाएवढा, मान नसल्यासारखा. तो धोबी पक्षी, उत्तरेकडून आलेला. हलवू नका, नुसते उभे राहा. थोड्या वेळानं ऊन पायरीवर उतरतं. गोळ्यातून आधी मान बाहेर येते, मग दुसरा पाय, मग पिसं अंगाला बसतात आणि पाखरू एकदम सडपातळ होतं. शेपटी खालीवर हलायला लागते. आणि पहिल्याच धावेत ते पाण्याच्या कडेचा एक किडा उचलतं.