ऑनलाइन कॅसिनोच्या पाटीमागे कोण असतं?

नमस्कार श्रोतेहो.

ऑनलाइन कॅसिनोचं पान उघडलं की नजर आपोआप वर जाते. मोठ्या अक्षरांतलं नाव, गरगर फिरणारी चक्रं, पहिल्या डिपॉझिटवर बोनस. मला मात्र आज त्याच पानाच्या अगदी तळाशी असलेल्या बारीक ओळींबद्दल बोलायचं आहे. तिथे एका कंपनीचं नाव असतं, नोंदणीचा पत्ता असतो आणि परवान्याचा क्रमांक असतो. पुष्कळदा ते नाव वरच्या नावाहून अगदी वेगळं असतं. तुम्ही भरलेले पैसे त्या खालच्या नावाकडे जातात आणि उद्या भांडायची वेळ आली तर भांडणही त्याच्याशीच होतं.

या पद्धतीला धंद्यात व्हाइट लेबल म्हणतात. डेअरी एकच, पण दुधाच्या पिशव्यांवर नावं वेगवेगळी, असा हा प्रकार. परवाना, सॉफ्टवेअर, खेळ, पैशांची देवघेव, केवायसी, ग्राहकसेवा हे सगळं एक कंपनी पुरवते. दुसरी कंपनी आपलं नाव, रंगसंगती आणि जाहिरातीचा खर्च घेऊन येते. मिळकत दोघींत वाटली जाते. म्हणून एकाच मूळ कंपनीच्या आधारावर डझनावारी कॅसिनो उभे राहतात. आपण एक सोडून दुसरा धरला असं खेळणाऱ्याला वाटतं, आणि तो असतो त्याच घरात.

ही पद्धत ब्रिटनमध्ये कायदेशीर आहे आणि तिथे ती बरीच रुळलेली आहे. तिथे जुगाराचे परवाने देणाऱ्या गॅम्बलिंग कमिशन या सरकारी संस्थेची सार्वजनिक नोंदवही कुणालाही मोफत पाहता येते. तळाशी दिलेल्या कंपनीचं नाव तिथे टाकलं की तिच्या परवान्याखाली चालणाऱ्या संकेतस्थळांची यादी समोर येते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या माझ्या श्रोत्यांनी पैसे भरण्याआधी एवढं जरूर करावं, दोन मिनिटांचं काम आहे. यादीत ते संकेतस्थळ नसेल तर तळाशी छापलेला परवाना क्रमांक कितीही खरा दिसला तरी त्यावर विसंबू नका. क्रमांक दुसऱ्याचा उचलून छापता येतो.

परवानाधारक कंपनी खरी असली म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. २०२५ सालचं एक उदाहरण सांगतो. आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीजीपी युरोप नावाच्या कंपनीच्या परवान्यावर अनेक ब्रँड ब्रिटनमध्ये चालत होते. त्यांतले काही इंग्लिश प्रीमियर लीगमधल्या क्लबांचे प्रायोजक होते. आपले भागीदार कोण आहेत याची नीट तपासणी न करणं आणि काळा पैसा रोखण्याच्या नियमांत ढिलाई करणं, यासाठी कमिशनने कंपनीला ३३ लाख पौंडांचा दंड ठोठावला. कंपनीने परवाना परत केला आणि ती ब्रिटनमधून बाहेर पडली. पुण्यात किंवा नागपुरात रात्री जागून सामना पाहणारी मुलं खेळाडूच्या जर्सीवर अशाच ब्रँडचं नाव पाहतात आणि एवढ्या मोठ्या क्लबाचा प्रायोजक म्हणजे खात्रीचा माणूस, असं समजतात. जर्सीवरच्या नावाने आपल्या पैशाला कसलंही संरक्षण मिळत नाही.

आता बोनसचं गणित पाहू, कारण माणूस तिथेच अडकतो. समजा, ५० पौंडांचा बोनस मिळाला आणि अट आहे ३५ पटींची. म्हणजे विड्रॉल करण्याआधी १,७५० पौंडांच्या पैजा लावायच्या. स्लॉटच्या, म्हणजे फिरत्या चक्रांच्या खेळात सरासरी ९६ टक्के परत मिळतात असं धरलं, तरी १,७५० वर ४ टक्के म्हणजे ७० पौंड सरासरीने कॅसिनोकडे जातात. ५० मिळवण्यासाठी ७० घालवायचे! शिवाय ९६ हा आकडाही गृहीत धरू नये. खेळ बनवणाऱ्या कंपन्या बऱ्याचदा एकाच खेळाच्या ९६, ९४ अशा वेगवेगळ्या आवृत्त्या देतात. चित्रं तीच, आवाज तोच, परतावा कमी. खेळाच्या माहितीच्या पानावर तो आकडा लिहिलेला असतो, तो वाचावा. बोनसची ही अट ब्रिटनमध्ये जानेवारी २०२६ पासून १० पटींच्या वर नेता येत नाही. परदेशी बेटांनी दिलेल्या परवान्यांना हा नियम लागू नाही.

बेटांचा विषय निघालाच आहे तर कुरासाओबद्दल दोन शब्द. कॅरिबियन समुद्रातलं हे छोटं बेट. तिथे बरीच वर्षं मोजक्या मूळ परवानाधारकांकडून पुढे उपपरवाने वाटले जात. खेळणाऱ्याची तक्रार या साखळीत नेमकी कुणाकडे जाणार, हे कळणं मुश्कील होतं. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे नवा कायदा आला आणि उपपरवान्यांची ती पद्धत मोडीत निघाली. तरी जुन्या उपपरवान्यांचे शिक्के मिरवणारं पान दिसलं, तर तिथून मागे फिरावं.

ज्यांना खेळणं थांबवायचं आहे त्यांच्यासाठी तर व्हाइट लेबल समजून घेणं फारच गरजेचं आहे. हे मी कळकळीने सांगतो. एका ब्रँडवरचं खातं निर्धाराने बंद केलं, तरी भावंड ब्रँडचं दार उघडंच राहू शकतं. ब्रिटनमध्ये यावर गॅमस्टॉप नावाची मोफत सोय आहे. तिथे एकदा नोंद केली की परवाना असलेल्या सगळ्या ऑनलाइन जुगार कंपन्यांना तुम्हाला बाहेर ठेवावं लागतं. मार्च २०२० पासून ते सक्तीचं आहे. मुदत सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं. एक एक खातं बंद करत बसण्यापेक्षा हा मार्ग धरा.

भारतातल्या श्रोत्यांसाठी चित्र अगदी वेगळं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. तो खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. नुसतं खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. पण बुडालेले पैसे परत मागायचे तर ज्याचं दार ठोठवावं असं परवाना देणारं कुठलंच कार्यालय इथे नाही. गोव्यात मांडवीतल्या जहाजांवरचे कॅसिनो राज्य सरकारच्या परवान्याने चालतात, म्हणून गोव्याचं नाव लावलेलं ॲपही वैध असेल असं समजू नका. जहाजाचा परवाना ॲपला लागू होत नाही.

आपल्याकडे याच धंद्याचं गल्लीतलं रूप म्हणजे आयडी आणि पॅनल. आयडी म्हणजे सट्टा खेळायचं खातं आणि पॅनल म्हणजे अशी खाती वाटायची एजन्सी. व्हॉट्सॲपवर नंबर येतो, आयडी मिळते, पैसे कुणाच्या तरी भाड्याने घेतलेल्या बँक खात्यात जातात. महादेव या ऑनलाइन सट्ट्याच्या ॲपच्या प्रकरणात ईडीने जे सांगितलं ते असंच होतं. दुबईतून पॅनल वाटली जात आणि नफ्याची ७०-३० अशी वाटणी होई. अशा भाड्याच्या खात्यातून तुम्हाला जिंकलेले दोन हजार रुपये आले आणि त्या खात्यावर पोलिसांची कारवाई झाली, तर तुमचं स्वतःचं पगाराचं खातंही गोठू शकतं. मग महिनाभराचं किराणा आणि घराचा हप्ता, सगळंच अडतं.

पैसे आधीच अडकले असतील तर आणखी डिपॉझिट भरून विड्रॉल मोकळा होईल, या आश्वासनावर एक रुपयाही पाठवू नका. स्क्रीनशॉट आणि यूपीआयचे व्यवहार क्रमांक जपून ठेवा आणि भारतात असाल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ब्रिटनमध्ये आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर तिच्या अटींत नमूद केलेल्या तटस्थ तक्रार संस्थेकडे मोफत दाद मागता येते. आणि हात थांबत नसेल, घरात कुणाला सांगता येत नसेल, तर भारतात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. ब्रिटनमध्ये नॅशनल गॅम्बलिंग हेल्पलाइनचा ०८०८ ८०२० १३३. दोन्ही चोवीस तास आणि मोफत आहेत. टेलिमानसवर मराठीतही बोलता येतं.