मागाल ते मिळेल, पण अर्धंच

(दृश्य: जुन्या 'चांदोबा'चं पान. राजाच्या खांद्यावर प्रेत, हातात तलवार.)

विक्रम राजा झाडावरून प्रेत उतरवतो, खांद्यावर टाकतो आणि स्मशानाची वाट धरतो. प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प बसला, तर त्याच्या डोक्याची शकलं होणार. बोलला, तर मौन मोडलं म्हणून वेताळ परत झाडावर. 'चांदोबा'च्या वाचकांनी हे वर्षानुवर्षं वाचलं आणि कुणी कंटाळलं नाही. यात जादू मोजकीच आहे, पण तिचा नियम पक्का आहे आणि दोन्ही बाजूंनी किंमत मोजावी लागते.

आठ ते बारा वर्षांच्या मुलासाठी जादूची कादंबरी निवडताना आधी हेच शोधायचं. पुस्तकात ड्रॅगन किती, हा प्रश्न नंतरचा. इथली जादू काय करू शकत नाही, हे पहिल्या तीस-चाळीस पानांत कळतं का?

(दृश्य: फरशांच्या फटीत अडकलेलं एक नाणं.)

नमुना म्हणून एडवर्ड ईगर यांची १९५४ ची 'हाफ मॅजिक' घ्या. अमेरिकेतल्या टोलेडो शहरातली चार भावंडं. त्यांना एक नाणं सापडतं. ते हातात धरून जे मागाल ते मिळतं, पण बरोबर अर्धं. एकीला वाटतं, मांजरीला बोलता यावं. मांजर बोलू लागते, पण अर्धवट, कुणाला काही कळत नाही असं. इंग्रजीत ओसाड बेटाला 'डेझर्ट आयलंड' म्हणतात. भावंडांतला मार्क तेच मागतो आणि पोरं पोचतात नुसत्या वाळवंटात, बेटाचा पत्ता नाही. नाण्याची कल्पना नसलेली आई पाहुणी म्हणून गेलेल्या घरी कंटाळते, 'आता घरी असते तर' म्हणते आणि भररात्री अर्ध्या रस्त्यावर उभी राहते. मुलांच्या मग लक्षात येतं की दुप्पट मागायला हवं. इथून पुढे वाचणारं पोर स्वतः हिशेब करू लागतं, प्रत्येक मागणीच्या आधी थांबतं. चांगल्या पुस्तकाची ही खूण आहे.

ईगर यांनी हे शिकलं ते ई. नेस्बिट यांच्याकडून, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. 'हाफ मॅजिक'मधली मुलं सुरुवातीलाच नेस्बिटची पुस्तकं वाचत असतात. नेस्बिट यांचं 'फाइव्ह चिल्ड्रन अँड इट' १९०२ चं. वाळूच्या खाणीत राहणारा एक चिडका प्राणी दिवसाला एक इच्छा पुरी करतो आणि सूर्य मावळला की सगळं विरतं. मुलं सोनं मागतात. खाण सोन्याच्या नाण्यांनी भरते, पण ती नाणी जुनी, दुकानदार घेईनात. रूप मागतात, तर घरची बाई ओळखतच नाही आणि जेवायला आत घेत नाही. लेखिका १९२४ साली वारल्या, त्यामुळे पुस्तक आता स्वामित्वहक्काबाहेर आहे आणि प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. भाषा मात्र सव्वाशे वर्षांपूर्वीची. दहा वर्षांच्या मुलाला एकट्याने वाचायला देऊ नका, मोठ्याने वाचून दाखवा.

(दृश्य: दुकानातला सात पुस्तकांचा संच. पाठीवरचे आकडे जवळून.)

आता क्रमाची भानगड. सी. एस. लुईस यांच्या 'नार्निया'ची सात पुस्तकं १९५० ते १९५६ या काळात आली. पहिलं छापलं गेलं 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'. दुकानातल्या आजच्या संचात मात्र बहुतेक वेळा एक नंबरवर 'द मॅजिशियन्स नेफ्यू' असतं. ते १९५५ चं, पण कथाकाळ आधीचा म्हणून पुढे आणलेलं. आकड्यांवर जाऊ नका. 'लायन'मध्ये अस्लानचं नाव पहिल्यांदा निघतं, तेव्हा निवेदक सांगतो की तो कोण हे मुलांना माहीत नव्हतं, जसं तुम्हालाही नाही. आधी 'नेफ्यू' वाचलेल्या पोराला ते ठाऊक असतं आणि मजाच जाते. शिवाय 'लायन' छोटं आहे. त्या मुलांतली ल्यूसी पहिल्याच प्रकरणात कपाटातून बर्फात शिरते. दार लवकर उघडतं, हा मोठा गुण.

'हॅरी पॉटर'मध्ये दार उशिरा उघडतं. पहिल्या भागाच्या सतरा प्रकरणांपैकी सहाव्यात कुठे शाळेची गाडी सुटते. तरी मुलं तग धरतात, कारण तोवर पत्रांचा पाऊस पडतो, काका घाबरून पळ काढतो, धिप्पाड हॅग्रिड दार पाडून आत येतो. मराठीतून वाचणाऱ्यांसाठी 'हॅरी पॉटर आणि परीस' आहे. 'परीस' या शब्दाने अर्धं काम केलंय, कारण तो दगड काय करतो हे मराठी मुलाला समजवावं लागत नाही. या मालिकेत ठेच लागते ती चौथ्या भागाशी. मूळ ब्रिटिश आवृत्तीत पहिला भाग २२३ पानांचा, तिसरा ३१७, चौथा एकदम ६३६ आणि पाचवा ७६६. चौथ्याच्या शेवटी एका शाळकरी मुलाचा खून होतो. नऊ वर्षांच्या मुलाने तिसरा संपवला की वर्षभर थांबलेलं चांगलं. संच एकगठ्ठा आणून पुढ्यात ठेवला की हे जमत नाही.

'अ‍ॅलिस इन वंडरलँड' आम्ही पहिलं पुस्तक म्हणून सुचवत नाही. रागावू नका. तिथली जादू मुद्दामच बेशिस्त आहे आणि विनोद इंग्रजी शाळांत पाठ करायला लावलेल्या कवितांच्या विडंबनावर उभा आहे. मूळ कविता माहीत नसलेल्या मुलाला मगरीच्या कवितेत हसायचं कुठे ते कळत नाही. त्यातून साठ पानांची संक्षिप्त आवृत्ती हाती आली, तर उरतं ते फक्त पडणं, वाढणं आणि आक्रसणं.

(दृश्य: निळं पाणी, त्यात रंगीबेरंगी धारा.)

आपल्या मुलांना इंग्रजीत वाचतानाही घरच्यासारखं वाटेल अशी कादंबरी म्हणजे सलमान रश्दी यांची 'हारून अँड द सी ऑफ स्टोरीज', १९९० ची. नावंच बघा. बडबड्यांचा देश गप (गप्पांमधला), मुक्यांचा देश चूप, सेनापती किताब, खलनायक खत्तम-शुद आणि पाण्यावर चालणारा बागवान, त्याचं नाव चक्क माली. लंडनच्या मुलाला यासाठी मागची शब्दसूची लागते. आपलं पोर पहिल्या फटक्यात हसतं. तोंडांनी भरलेले दोन मासे आहेत, गुपी आणि बाघा. ती जोडी उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या बंगाली गोष्टीतली. अडचण एकच, इंग्रजी कोट्या दाट आहेत. अकरा-बारा हे योग्य वय.

चित्रा बॅनर्जी दिवाकरुणी यांची 'द काँच बेअरर' (२००३) कोलकात्यात सुरू होते. बारा वर्षांचा आनंद चहाच्या टपरीवर राबतो आणि एक शंख हिमालयात परत न्यायला निघतो. मांडणी सरळ, वाक्यं छोटी. पण त्याची बहीण खून पाहिल्यापासून बोलत नाही, हे आधी माहीत असू द्या. रोशनी चोक्शी यांची 'आरू शाह' मालिका २०१८ पासूनची, पाच भागांची. त्यात पांडव मुलींच्या रूपात पुन्हा जन्मतात. काही आजी-आजोबांना हे रुचत नाही. ज्या मुलाला महाभारत माहीत आहे, त्याला मात्र यातली निम्मी गंमत आयती मिळते. माहीत नसेल, तर आधी महाभारताची छोटी बालआवृत्ती वाचून घ्या.

मूळ मराठीत मुलांसाठी लांब पल्ल्याची जादूची कादंबरी थोडी. आपली चेटकीण जास्त रमली ती रंगमंचावर, रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'त. नाटकाची संहिता घरात भूमिका वाटून वाचता येते. कादंबरीला कंटाळणारी मुलं संवाद आनंदाने वाचतात.

पुस्तक अवघड आहे का, हे पाहायला मधलं कुठलंही पान उघडून मुलाला वाचू द्या. न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट. पाच बोटं झाली तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवायचं. जादूच्या पुस्तकात मंत्रांची आणि गावांची बनावट नावं मात्र मोजू नका. ती कुणालाच माहीत नसतात. ही चूक फार होते आणि चांगली पुस्तकं हकनाक परत जातात.

(दृश्य: रात्र. पलंगाजवळचा दिवा.)

मोठ्याने वाचायला टोल्किन यांचं 'द हॉबिट' घ्या, १९३७ चं. एकोणीस प्रकरणं, एकेक साधारण पाऊण तासाचं, म्हणजे दोन रात्री एक प्रकरण. पहिल्याच प्रकरणात तेरा बुटके एकामागोमाग दार ठोठावतात आणि मुलं नावांत हरवतात. पुठ्ठ्याच्या खूणपट्टीवर तेराही नावं लिहून ठेवा. थोरिन, बालिन आणि बाँबुर लक्षात राहिले तरी पुरे.

पाचव्या प्रकरणात अंधाऱ्या गुहेत नायक बिल्बो आणि तिथे राहणारा गॉलम एकमेकांना कोडी घालतात. बिल्बो हरला तर गॉलम त्याला खाणार, जिंकला तर वाट दाखवणार. इथे दोन आवाज काढा. उत्तर वाचायच्या आधी प्रत्येक कोड्याला दहापर्यंत मोजा. अंड्याचं कोडं बहुतेकांना सुटतं, काळाचं सुटत नाही. मग बिल्बोचा हात नकळत खिशाकडे जातो आणि तो स्वतःशीच विचारतो, माझ्या खिशात काय आहे?

तिथे पुस्तक मिटा आणि दिवा घालवा.