नेटजवळचा माणूस

[पडद्यावर: बर्मिंगहॅम, मार्च 2019. ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धा, पुरुष दुहेरीचा अंतिम सामना]

या खेळाडूच्या पायांकडे बघा. उपांत्य सामन्यात त्याची पोटरी दुखावली आहे. समोर मलेशियाचे आरोन चिआ आणि सोह वुई यिक, दोघंही ऐन विशीतले. पहिला गेम ते 21-11 असा सहज घेतात. मग जोडीदार मोहम्मद अहसान मागचं कोर्ट जवळजवळ एकट्याने सांभाळायला लागतो, आणि दुखऱ्या पायाचा हा 34 वर्षांचा माणूस नेटजवळ उभा राहतो. 21-14, 21-12. ऑल इंग्लंड त्यांनी जिंकली!

हा हेंद्रा सेतियावान. इंडोनेशियाचा, मध्य जावातल्या पेमालांगचा.

[हेंद्राच्या हातांचं संथगती चित्रण]

दुहेरीत टाळ्या मिळतात त्या मागून उडी घेऊन स्मॅश मारणाऱ्याला. पण स्मॅश मारण्याजोगं शटल मुळात वर येतं कसं? ते इथे दिसतं. रॅकेट उचललेली, मनगट सैल. सर्व्हिस नेटला घासून येते. हेंद्रा पुढे होतो, जोर मात्र लावत नाही. पुढचा आणि मागचा प्रतिस्पर्धी यांच्या मधल्या मोकळ्या जागेत तो शटल नुसतं ढकलतो. 'तुझं की माझं' यात त्या दोघांचा क्षण जातो. उशीर झाला की शटल खालून उचलावंच लागतं, आणि उचललेलं शटल म्हणजे मागच्या जोडीदारासाठी वाढून ठेवलेलं ताट.

ते ताट आधी मार्किस किडोसाठी होतं. दोघं एकाच वर्षी, 1984 च्या ऑगस्टमध्ये जन्मलेले. 2007 मध्ये क्वालालंपूरला दोघं विश्वविजेते झाले. पुढच्या वर्षी बीजिंग ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत चीनच्या चाय युन आणि फू हायफंग यांच्याविरुद्ध, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर, पहिला गेम 12-21 असा गमावून त्यांनी सुवर्णपदक खेचून आणलं.

लंडन ऑलिम्पिकला मात्र ही जोडी पात्रच ठरली नाही. 2012 मध्ये हेंद्राने नवा जोडीदार घेतला: अहसान. हा अहसान आधी कुणाबरोबर खेळायचा? किडोच्या सख्ख्या भावाबरोबर, बोना सेप्तानोबरोबर! दुहेरीचं जग असं एका अंगणाएवढं असतं.

2013 आणि 2015 ला विश्वविजेतेपद. मग रिओ ऑलिम्पिकमध्ये गटसाखळीतच गाशा गुंडाळावा लागला आणि जोडी फुटली. हेंद्रा काही काळ मलेशियाच्या तान बून हेओंगबरोबर खेळला. 2010 च्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत याच तानला त्याने हरवलं होतं. नव्या जोडीदाराशी जमवून घेणं म्हणजे कोणतं शटल कोणाचं, हे पुन्हा मुळापासून ठरवणं. तिशी ओलांडल्यावर तेही करून पाहिलं. 2018 मध्ये तो अहसानकडे परतला.

[बासेल, 25 ऑगस्ट 2019]

जपानचे होकी आणि कोबायाशी समोर. 25-23, 9-21, 21-15. हेंद्राचं चौथं विश्वविजेतेपद, आणि त्याच दिवशी त्याचा 35 वा वाढदिवस. चाहते या जोडीला प्रेमाने 'डॅडीज' म्हणायचे.

जून 2021. बॅडमिंटन खेळतानाच किडो गेला. वय अवघं 36. पुढच्याच महिन्यात हेंद्राला टोकियो ऑलिम्पिकच्या कोर्टवर उतरायचं होतं. तिथे कांस्यपदकाच्या सामन्यात समोर आले पुन्हा चिआ आणि सोह. पहिला गेम जिंकूनही हेंद्रा-अहसान हरले. मला विचाराल तर त्या सामन्यानंतर थांबला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं. तो आणखी जवळजवळ साडेतीन वर्षं खेळला, 2022 ला जागतिक स्पर्धेचं रौप्यही घेऊन आला.

[जकार्ता, इस्तोरा स्टेडियम, जानेवारी 2025]

इंडोनेशिया मास्टर्स ही शेवटची स्पर्धा. हेंद्रा 40 वर्षांचा, शेजारी अहसान, भोवती घरचे प्रेक्षक.

आता तो कोर्टामागे, प्रशिक्षकाच्या खुर्चीत बसतो. समोर दोन तरुण खेळत असतात, आणि त्याची नजर असते नेटजवळ उभ्या असलेल्यावर.